मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधले कस्टम फॉर्म्युले: फील्ड निवडण्यापासून स्थितीच्या दिव्यांपर्यंत

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये शेड्यूल तयार आहे, बेसलाइन (मूळ योजनेतल्या तारखा, काम आणि खर्च यांची जपून ठेवलेली नोंद) घेतली आहे, दर आठवड्याला प्रगतीही भरली जाते. तरी आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्या ओळी एक्सेलमध्ये न्यायच्या, तिथे फरक काढायचे, रंग भरायचे, हा उद्योग अनेक प्लॅनर करतात. पुढच्या आठवड्यात तारखा हलल्या की पुन्हा पहिल्यापासून. यातलं बहुतेक काम प्रोजेक्टच्या कस्टम फील्डमधला (आपल्या गरजेप्रमाणे वापरायच्या मोकळ्या रकान्यातला) फॉर्म्युला करू शकतो. ही सोय प्रोजेक्ट २००० या आवृत्तीत आली आणि डेस्कटॉप आवृत्त्यांमध्ये तिची रचना आजही जवळपास तशीच आहे.

एक्सेलमध्ये ‘इफ’ वापरलेल्या माणसाला फॉर्म्युल्याचं व्याकरण तासाभरात जमतं. घोळ होतो तो आतल्या किमतींमुळे. स्क्रीनवर ‘५ दिवस’ दिसतं, पण फॉर्म्युल्याच्या हाती २४०० हा आकडा येतो. स्क्रीनवर ‘एनए’ दिसतं, आत मात्र भलीमोठी संख्या बसलेली असते. म्हणून या लेखात व्याकरण थोडक्यात आटोपलं आहे आणि फॉर्म्युल्याला काय दिसतं यावर जास्त भर दिला आहे.

पुढे सगळे फॉर्म्युले देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये फील्डची आणि फंक्शनची नावं इंग्रजीत असतात. ती हाताने टाइप करण्याऐवजी फॉर्म्युल्याच्या खिडकीतल्या ‘फील्ड’ आणि ‘फंक्शन’ या बटणांतून निवडा. स्पेलिंगच्या चुका तिथेच टळतात.

आधी प्रश्न, मग फील्ड

फॉर्म्युल्याला हात लावण्यापूर्वी एका वाक्यात लिहा: मला या कॉलमकडून काय कळायला हवं? ‘उशीर किती’ असं उत्तर आलं, तर कदाचित फॉर्म्युला लागणारच नाही. फिनिश व्हेरिअन्स, वर्क व्हेरिअन्स, कॉस्ट व्हेरिअन्स (म्हणजे शेवटची तारीख, काम आणि खर्च यांचा बेसलाइनपासूनचा फरक), टोटल स्लॅक (प्रकल्पाचा शेवट न हलवता काम किती लांबू शकतं), एसपीआय, सीपीआय (वेळेच्या आणि खर्चाच्या कामगिरीची गुणोत्तरं) ही फील्ड प्रोजेक्टमध्ये तयारच असतात. ती पुन्हा बनवत बसू नका. फॉर्म्युल्याची खरी गरज पडते ती दोन-तीन फील्ड एकत्र पाहून निर्णय द्यायचा असतो तेव्हा: बेसलाइनपेक्षा उशीर आहे आणि काम अजून सुरूही झालेलं नाही, अशा प्रकारचा.

टास्कसाठी मिळणारी कस्टम फील्ड अशी: टेक्स्ट ३०, नंबर २०, फ्लॅग २०, आणि कॉस्ट, डेट, ड्युरेशन, स्टार्ट, फिनिश प्रत्येकी १०. शिवाय १० आउटलाइन कोड, पण त्यांत फॉर्म्युला बसत नाही. निवड करताना उत्तराचा प्रकार पाहा. आकडा टेक्स्ट फील्डमध्ये ठेवलात तर क्रम लावताना १० हा २ च्या आधी येईल आणि बेरीजही वरच्या सारांश ओळीत (जिच्याखाली इतर कामं येतात) जाणार नाही. हो-नाही एवढंच उत्तर असेल तर फ्लॅग घ्या, फिल्टर लावायला तो सर्वांत सोपा.

स्टार्ट१ ते स्टार्ट१० आणि फिनिश१ ते फिनिश१० ही फील्ड मात्र फॉर्म्युल्यासाठी वापरू नका. ‘सेट बेसलाइन’च्या खिडकीत ‘इंटेरिम प्लॅन’ नावाचा पर्याय असतो, आणि तो आपल्या तारखा नेमक्या याच फील्डमध्ये साठवतो. तुम्ही नाही वापरला तरी फाइल हाताळणारा दुसरा कोणी वापरू शकतो. तारीख हवी असेल तर डेट१ ते डेट१० आहेतच.

खिडकीपर्यंत

प्रोजेक्ट टॅबवर ‘कस्टम फील्ड्स’ हे बटण आहे. कॉलमच्या शीर्षकावर उजवं क्लिक करूनही तिथे पोचता येतं. खिडकीत वर ‘टास्क’ की ‘रिसोर्स’ हे ठरवा, शेजारी प्रकार निवडा, यादीतलं एक रिकामं फील्ड घ्या आणि सर्वांत आधी ‘रीनेम’ करून त्याला अर्थपूर्ण नाव द्या. सहा महिन्यांनी ‘नंबर७’ म्हणजे काय हे कोणालाच आठवणार नाही, तुम्हालाही नाही.

मग ‘फॉर्म्युला’ बटण दाबा आणि मजकूर लिहून ओके करा. या टप्प्यावर प्रोजेक्ट बजावतो की या फील्डमधली आधीची माहिती पुसली जाईल आणि इथून पुढे सगळ्या किमती फॉर्म्युल्यातून येतील. हा इशारा वाचून मगच पुढे जा. दुसऱ्या कोणी त्याच फील्डमध्ये कंत्राटदारांचे संदर्भ क्रमांक भरून ठेवले असतील तर ते गेलेच म्हणून समजा. फाइल तुमची एकट्याची नसेल तर आधी ते फील्ड कॉलम म्हणून आणून रिकामं आहे ना हे पाहा.

व्याकरण एवढंच. फील्डचं नाव चौकोनी कंसात, मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत, मजकूर जोडायला ‘&’. सुरुवातीला ‘=’ लिहायचं नाही. दोन घटकांमध्ये स्वल्पविराम येतो, पण विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये यादीसाठी अर्धविराम ठरवलेला असेल तर इथेही अर्धविरामच लागतो. इंटरनेटवरून उचललेला फॉर्म्युला जसाच्या तसा चालत नसेल तर हे कारण आधी तपासा.

मुदत म्हणजे मिनिटं

फॉर्म्युल्यात मुदत आणि काम, दोन्ही मिनिटांत येतात. आठ तासांचा दिवस धरला तर १ दिवस म्हणजे ४८० मिनिटं. म्हणून ‘पाच दिवसांपेक्षा जास्त उशीर’ असं लिहायचं असेल तर

[फिनिश व्हेरिअन्स] > ५

हे चूक आहे. त्याचा अर्थ पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर असा होतो आणि जवळपास प्रत्येक उशिराचं काम लाल दिसतं. बरोबर असं:

[फिनिश व्हेरिअन्स] > ५ * [मिनिट्स पर डे]

इथे ४८० थेट लिहिता येतं, पण लिहू नका. ‘मिनिट्स पर डे’ हे फील्ड यादीत प्रोजेक्टच्या गटात सापडतं आणि फाइलच्या पर्यायांमध्ये ‘अवर्स पर डे’ म्हणून जो आकडा ठरवला आहे त्यावरून येतं. तो कोणी बदलला तरी फॉर्म्युला टिकतो. मात्र हे सेटिंग आणि कॅलेंडर यांचा एकमेकांशी आपोआप मेळ नसतो. कॅलेंडरमध्ये दहा तासांची पाळी असेल आणि सेटिंग आठवरच राहिलं असेल तर पाळीचा एक दिवस ६०० भागिले ४८०, म्हणजे सव्वा दिवस दिसतो. हा दोष फॉर्म्युल्याचा नाही. तो सेटिंगमध्येच दुरुस्त करायचा.

दुसरी अडचण इलॅप्स्ड मुदतीची, म्हणजे रात्री आणि सुट्ट्या धरून सलग मोजलेल्या मुदतीची. काँक्रीट सुकणं, सर्व्हरची सलग चाचणी अशा कामांना आपण ‘३ इलॅप्स्ड दिवस’ देतो. तिथे दिवस २४ तासांचा, म्हणजे १४४० मिनिटांचा असतो. एकूण ४३२० मिनिटं. त्यांना ४८० ने भागलं की फॉर्म्युला ९ दिवस सांगतो. अशी कामं शेड्यूलमध्ये असतील तर मुदतीला भागणारे फॉर्म्युले वापरताना त्यांच्याकडे वेगळं लक्ष ठेवा.

उत्तर दिवसांत दाखवायचं असेल तर भागाकार टाळण्याचा सोपा मार्ग आहे: फॉर्म्युला ड्युरेशन प्रकारच्या फील्डमध्ये लिहा. तिथे मिनिटं परत केली की प्रोजेक्ट स्वतःच ती दिवसांत दाखवतो.

‘एनए’ची गोम

बेसलाइन नसलेलं काम, सुरू न झालेल्या कामाची प्रत्यक्ष सुरुवात, न दिलेली डेडलाइन: या सगळ्या ठिकाणी स्क्रीनवर ‘एनए’ असतं. फॉर्म्युल्यात ते रिकामं किंवा शून्य ठरत नाही, ४२९४९६७२९५ एवढी प्रचंड संख्या म्हणून येतं. म्हणजे ‘एनए’ ही कुठल्याही खऱ्या तारखेच्या फार पुढची तारीख ठरते. परिणाम असा की [फिनिश] > [बेसलाइन फिनिश] ही तुलना बेसलाइन नसलेल्या कामासाठी कायम खोटी येते आणि मागाहून घातलेलं, बेसलाइनच नसलेलं काम बिनधास्त हिरवं दिसतं. वजाबाकी केली तर एकतर निरर्थक आकडा येतो किंवा #एरर.

तयार फिनिश व्हेरिअन्स फील्डही इथे मदत करत नाही. बेसलाइन नसेल तर ते शून्य दाखवतं, आणि शून्य म्हणजे वेळेवर असा गैरसमज होतो. त्यामुळे तारखेशी खेळणाऱ्या प्रत्येक फॉर्म्युल्याची पहिली पायरी ही तपासणी असू द्या:

आयआयएफ([बेसलाइन फिनिश] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), ०, …)

आयआयएफ म्हणजे प्रोजेक्टमधला ‘इफ’, आणि प्रोजडेटव्हॅल्यू मजकुराची तारखेची किंमत करतं. अवतरणातलं ‘एनए’ प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांतच लिहायचं. हाच नियम स्टेटस डेटलाही (प्रगती ज्या तारखेपर्यंतची धरायची ती तारीख) लागू आहे. ती कोणी ठरवलेली नसेल तर तिथेही ‘एनए’ असतं. त्यासाठी मी डेट१ हे मदतनीस फील्ड घेऊन त्यात एवढंच लिहितो:

आयआयएफ([स्टेटस डेट] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), [करंट डेट], [स्टेटस डेट])

पुढच्या सगळ्या फॉर्म्युल्यांत [डेट१] वापरायचं. एकच तपासणी पाच ठिकाणी लिहायची आणि एका ठिकाणी विसरायची, हा प्रकार थांबतो.

कॅलेंडरचे दिवस की कामाचे दिवस

दोन तारखांची सरळ वजाबाकी कॅलेंडरचे दिवस देते. बेसलाइनप्रमाणे काम शुक्रवारी, ५ जून २०२६ रोजी संध्याकाळी ५ वाजता संपायचं होतं, आता ते सोमवारी, ८ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपतंय. वजाबाकी ३ सांगते. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या स्टँडर्ड कॅलेंडरप्रमाणे उशीर मात्र एकाच दिवसाचा आहे. कामाचे दिवस हवे असतील तर:

प्रोजडेटडिफ([बेसलाइन फिनिश], [फिनिश], "स्टँडर्ड")

हे फंक्शन ४८० मिनिटं परत करतं. आधीची तारीख पहिली, नंतरची दुसरी. क्रम उलटला की उत्तर ऋण येतं. तिसऱ्या जागी कॅलेंडरचं नाव, फाइलमध्ये आहे अगदी तसंच. ते मुद्दाम लिहा. कोणतं कॅलेंडर धरलं हे वाचणाऱ्याला फॉर्म्युल्यातच दिसायला हवं.

तारखेला वेळही चिकटलेली असते, हेही इथेच लक्षात घ्या. संध्याकाळी ५ ला संपणारं काम आणि मध्यरात्रीची नोंद असलेली त्याच दिवसाची तारीख यांची तुलना केली तर काम ‘उशिरा’ ठरतं. फक्त दिवस तपासायचा असेल तर दोन्ही बाजूंना ‘इंट’ फंक्शन लावून वेळेचा भाग काढून टाका, अर्थात ‘एनए’ची तपासणी झाल्यावर.

स्थितीचा दिवा

आता सगळं एकत्र आणू. हवं आहे ते असं: प्रत्येक कामासमोर एक दिवा. उत्तर मजकुरात देण्याऐवजी नंबर१ मध्ये आकड्याने द्यायचं, आणि आकडे गांभीर्याच्या चढत्या क्रमाने ठरवायचे. ० म्हणजे बेसलाइन नाही, १ पूर्ण, २ ठीक, ३ लक्ष द्या, ४ लाल. हा क्रम का, ते सारांश ओळींपाशी पोचल्यावर कळेल.

स्विच(
[% कम्प्लीट] = १००, १,
[बेसलाइन फिनिश] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), ०,
[बेसलाइन फिनिश] < [डेट१], ४,
[फिनिश व्हेरिअन्स] > ५ * [मिनिट्स पर डे], ४,
[बेसलाइन स्टार्ट] < [डेट१] अँड [ॲक्चुअल स्टार्ट] = प्रोजडेटव्हॅल्यू("एनए"), ३,
[फिनिश व्हेरिअन्स] > ०, ३,
ट्रू, २)

‘स्विच’ वरून खाली वाचतो आणि पहिली खरी ठरलेली अट स्वीकारतो. आयआयएफच्या पोटात आयआयएफ घालून हेच करता येतं, पण चौथ्या पातळीनंतर कंस मोजताना डोळे फिरतात. अटींचा क्रम हाच इथला निर्णय आहे. पूर्ण झालेलं काम सर्वांत वर, कारण उशिरा का होईना संपलेल्या कामाबद्दल आज करण्यासारखं काही नाही. त्यानंतर बेसलाइनची तपासणी. मग ज्यांची बेसलाइनची मुदत उलटून गेली ती कामं. सुरूच न झालेल्या कामांची पाचवी अट बैठकीत सर्वांत उपयोगी ठरते: शेवटची तारीख अजून लांब असल्याने ही कामं एरवी कुणाच्या नजरेत येत नाहीत. शेवटची ‘ट्रू’ची जोडी विसरू नका. ती नसेल तर कुठल्याच अटीत न बसणाऱ्या कामाला उत्तरच मिळत नाही.

पाच दिवसांची मर्यादा दगडावरची रेघ नव्हे. दोन वर्षांच्या बांधकामात पाच दिवस किरकोळ, सहा आठवड्यांच्या सॉफ्टवेअरच्या कामात तोच आकडा अवाढव्य. तुमच्या टीमशी बोलून ठरवा.

आकड्याचा दिवा करायला कस्टम फील्डच्या खिडकीत खाली ‘ग्राफिकल इंडिकेटर्स’ निवडा. प्रत्येक आकड्यासाठी ‘इक्वल्स’ अशी चाचणी आणि समोर चित्र. इथेही वरून खाली पहिली जुळलेली चाचणीच लागू होते. ‘शो डेटा व्हॅल्यूज इन टूलटिप्स’वर खूण करून ठेवा, म्हणजे दिव्यावर माउस नेला की मूळ आकडा दिसतो. रंगांसोबत आकारही वेगळे निवडा. कृष्णधवल छापील प्रतीत लाल आणि हिरवा गोल सारखेच दिसतात, आणि रंगांधळेपणा असलेल्या वाचकाला स्क्रीनवरही.

सारांश ओळी

फॉर्म्युला लिहून झाला आणि सारांश टास्कसमोर मात्र काहीच नाही, हे बघून अनेकजण फॉर्म्युल्यात दोष शोधू लागतात. सारांश ओळींची गणना मुळातच ‘नन’वर असते. ती त्याच खिडकीत बदलायची. दोन पर्याय: ‘रोलअप’ म्हणजे खालच्या ओळींच्या उत्तरांवरून, आणि ‘यूज फॉर्म्युला’ म्हणजे सारांश ओळीच्या स्वतःच्या तारखा-आकड्यांवरून.

दिव्यासाठी रोलअपमधलं ‘मॅक्सिमम’ घ्या. खाली एक जरी ४ असेल तरी वरची ओळ लाल होते, म्हणूनच आकडे चढत्या गांभीर्याने ठेवले. टेक्स्ट फील्डला रोलअपचा पर्यायच मिळत नाही, त्यामुळे ‘लाल’, ‘पिवळा’ असे शब्द परत करणारे फॉर्म्युले इथे अडतात.

टक्केवारीचं गणित याच्या उलट. खर्चवाढीचा हा फॉर्म्युला घ्या:

आयआयएफ([बेसलाइन कॉस्ट] = ०, ०, ([कॉस्ट] - [बेसलाइन कॉस्ट]) / [बेसलाइन कॉस्ट] * १००)

एका कामाचा खर्च १,००० वरून २,००० झाला, म्हणजे १०० टक्के वाढ. दुसऱ्याचा ९९,००० होता, तेवढाच राहिला. रोलअपमध्ये सरासरी निवडलीत तर सारांश ओळ ५० टक्के वाढ दाखवते. प्रत्यक्षात एकूण खर्च १,००,००० वरून १,०१,००० झालेला आहे: १ टक्का. गुणोत्तर किंवा टक्केवारी असेल तिथे ‘यूज फॉर्म्युला’च वापरा.

फॉर्म्युला कुठे पोचत नाही

फॉर्म्युल्याला फक्त स्वतःची ओळ आणि प्रकल्पाच्या पातळीवरची फील्ड दिसतात. आधीच्या कामाची फिनिश तारीख किंवा शेजारच्या ओळीचा खर्च वाचता येत नाही. एक्सेलची सवय असलेल्यांना हे सर्वांत जास्त टोचतं, कारण तिथे वरच्या ओळीचा संदर्भ देणं नेहमीचंच. प्रोजेक्टमध्ये असं काही हवं असेल तर व्हीबीए मॅक्रो (प्रोजेक्टच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो. त्यात आधीच्या कामांची यादी घेऊन प्रत्येकाचं कोणतंही फील्ड वाचता येतं. फक्त मॅक्रोचं उत्तर साध्या फील्डमध्ये लिहा, फॉर्म्युला असलेल्या नव्हे, आणि तारखा बदलल्या की मॅक्रो पुन्हा चालवावा लागतो हे ध्यानात ठेवा.

#एरर आला तर

बहुतेक वेळा कारण तिघांपैकी एक असतं: शून्याने भागाकार, ‘एनए’ची न केलेली तपासणी, किंवा उत्तराचा प्रकार फील्डशी न जुळणं, जसं डेट फील्डमध्ये मजकूर परत करणं. भागाकारात माइलस्टोन (महत्त्वाचा टप्पा दाखवणाऱ्या ओळी) हमखास सापडतात, त्यांची मुदत शून्य असते. स्लॅक आणि मुदतीचं गुणोत्तर काढणारा फॉर्म्युला साऱ्या शेड्यूलवर नीट चालतो आणि नेमका माइलस्टोनवर पडतो.

कारण सापडत नसेल तर एक टेक्स्ट फील्ड घ्या आणि त्यात सीस्ट्र([ड्युरेशन]) असं एकेक फील्ड लिहून पाहा. फॉर्म्युल्याच्या हाती नेमकं काय येतंय ते उघडं पडतं. लांब फॉर्म्युला मदतनीस फील्डमध्ये तोडून प्रत्येक तुकडा कॉलम म्हणून शेजारी लावला की चूक कुठल्या पायरीवर आहे हे नजरेनेच कळतं. झाल्यावर ते कॉलम लपवा.

खऱ्या फाइलवर नेण्यापूर्वी छोटी चाचणी फाइल करा. त्यात एक वेळेवरचं काम, एक उशिराचं, एक पूर्ण झालेलं, एक बेसलाइन नसलेलं, एक माइलस्टोन आणि त्यांच्यावर एक सारांश टास्क एवढं पुरे. उत्तरं आधी कागदावर काढा आणि मग कॉलमशी ताडून पाहा. स्टेटस डेट पुढे-मागे करून दिवे बदलतात का, हेही बघा.

दुसऱ्या फाइलमध्ये नेताना

कस्टम फील्ड ज्या फाइलमध्ये बनवलं तिथेच राहतं. दोन्ही फाइल उघड्या ठेवून फाइल मेनूतल्या ‘इन्फो’मधून ऑर्गनायझर उघडा, फील्ड्सच्या टॅबवर जा आणि कॉपी करा. किंवा कस्टम फील्डच्या खिडकीतलं ‘इम्पोर्ट फील्ड’ वापरा. नाव, फॉर्म्युला, दिवे सगळं सोबत जातं. मदतनीस फील्ड मात्र वेगळी न्यावी लागतात: नंबर१ नेलं आणि डेट१ राहिलं, तर दिव्याचा फॉर्म्युला नव्या फाइलमध्ये तिथल्या डेट१ कडे पाहू लागतो, मग त्यात दुसऱ्या कोणाची काहीही माहिती असो. प्रोजडेटडिफमध्ये लिहिलेल्या नावाचं कॅलेंडरही नव्या फाइलमध्ये असायला हवं. तेही ऑर्गनायझरमधूनच, कॅलेंडर्सच्या टॅबवरून नेता येतं.